माझ्या वाट्याला आलेला तर्क

मी दातांचा डॉक्टर आहे. लोक माझ्यासमोर तोंड उघडतात ते बोलायला नाही, आणि एवढ्या एका सोयीवर माझा असा ठाम समज झाला होता की माझं बोलणं लोकांना आवडतं. पेशंटच्या गालात कापसाचे बोळे ठेवून मी वर्षानुवर्षं राजकारण, हवामान आणि हल्लीची मुलं यांच्यावर बोलत आलो, आणि एकानेही माझं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. बायको शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, तुमच्याशी सहमत झालेली माणसं भूल उतरल्यावर काय म्हणतात, ते एकदा जिन्यात उभं राहून ऐका.

तर त्या वर्षी विमान नाहीसं झालं. आमच्याच शहरातून सकाळी उडालं, समुद्रावर गेलं, आणि जिथे पोचायचं तिथे पोचलं नाही. धूर नाही, तुकडा नाही, शेवटचा निरोप नाही. सुरुवातीला लोक हळहळले. मग हळहळून झालं आणि सगळे तज्ज्ञ झाले. पाववाल्याच्या मते वीज पडली होती. बँकेतल्या कॅशियरला आतून कळलं होतं की सामानात काहीतरी होतं. बँकेच्या आतून विमानातलं कसं कळतं, हे मी विचारलं नाही, कारण माझं पासबुक त्याच्या हातात होतं. आमच्या वरच्या मजल्यावर कर्नल राहतात. कर्नल हे त्यांचं बिल्डिंगमधलं नाव, नोकरी त्यांनी विमा कचेरीत केली. ते लिफ्टचं दार अडवून सांगायचे की हे काम आतल्याच माणसाचं, पायलट नाहीतर कोपायलट, दुसरं कोणी नाही.

माझं मत मात्र अजून बनलेलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. मी आयुष्यात दोनदा विमानात बसलोय, दोन्ही वेळा डोळे मिटून, बायकोचा हात दाबून. एवढ्या अनुभवावर मत बनवायचं तरी कसं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ एका बातम्यांच्या वाहिनीवर पाहुणे जमवायचं काम करतो. रोज चर्चा, रोज पाच खुर्च्या, आणि माणसं संपत आलेली. भावोजी, म्हणाला, एक जागा रिकामी आहे. दातांवरून माणसाची ओळख कशी पटवतात तेवढं सांगा. मी म्हटलं, पण अजून कोणी सापडलेलंच नाही. तो म्हणाला, सापडलं तर.

बायकोला हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, ज्यांची माणसं त्या विमानात आहेत ते हा कार्यक्रम बघत असतील. मी म्हटलं, तुझ्या भावाची वाहिनी कोण बघतं. असं म्हणून मी इस्त्रीचा शर्ट मागितला.

स्टुडिओत माझ्याआधी चौघे बसले होते. एक निवृत्त वैमानिक, एक जुना खलाशी, एक हवामानवाले, आणि एक गृहस्थ ज्यांचा धंदाच विश्लेषण हा होता. दातांची वेळ आलीच नाही. सूत्रसंचालिकेने सरळ विचारायला सुरुवात केली की तुमच्या मते काय झालं असेल. खलाशाने आग घेतली, हवामानवाल्यांनी वीज घेतली, विश्लेषकांनी अपहरण घेतलं, आणि वैमानिकाने बराच आढावा घेऊन कोपायलटच्या मनाची अवस्था घेतली. ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. एकच गोष्ट कोणी उचलली नव्हती.

"मला वाटतं, विमान उतरलंय," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. माणसाकडे एकदम इतके लोक वळले की त्याला पुढचं वाक्य सुचतंच, आणि तेच घात करतं. मी म्हणालो की माझ्या कामात हे रोज दिसतं. अक्कलदाढ तोंडात दिसत नाही, म्हणून पेशंट म्हणतो मला ती नाहीच. पण ती असते. हिरडीखाली, हाडात, आडवी होऊन शांत पडलेली असते. दिसत नाही याचा अर्थ नाही, असा होत नाही. कुठेतरी एखादं बेट असेल, एखादी जुनी धावपट्टी असेल. शोधणाऱ्यांनी फक्त समुद्राचा तळ बघू नये.

बोलताना मला स्वतःलाच ते पटत गेलं. सूत्रसंचालिकेचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. तिथले दिवे फार प्रखर असतात हे मला नंतर कळलं. घरी आलो तर बायको म्हणाली, अक्कलदाढेचं ठीक आहे, पण नुसती अक्कल दिसत नसेल तर तीही हाडात असते का?

पण माझं ते दीड मिनिटाचं बोलणं गावभर झालं. लोकांनी एकमेकांना पाठवलं. मेहुण्याने मला पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा. पहिल्यांदा माझ्या नावाखाली दंतवैद्य असं आलं होतं, पुढच्या वेळी नुसतंच तज्ज्ञ आलं. मी दवाखान्यात खुर्चीच्या वर, बरोबर छताला, समुद्राचा मोठा नकाशा चिकटवला. पेशंट आडवा झाला की त्याला दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मी दात कोरायची सळी उलटी धरून मार्ग दाखवायचो, वारा कुठून कुठे वाहतो ते सांगायचो, आणि मग सळी धुऊन कामाला लागायचो. कर्नल आता लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जायला लागले. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ होता.

एका दुपारी शहर बसचा एक ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, गणवेशातच, टोपी हातात. काउंटरवरच्या बाईंनी दाढ दुखते म्हणून त्याला आत पाठवलं. तो खुर्चीत आडवा झाला आणि मी काही म्हणायच्या आतच छताकडे एकटक बघू लागला. असा श्रोता आयता मिळाल्यावर मी खुशीत आलो. आरसा फिरवत मी वाऱ्यांपर्यंत पोचलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की या माणसाचे दात अगदी उत्तम आहेत. बत्तीसच्या बत्तीस.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

"कुठे नाही. नंबर लावल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दाढ म्हणालो." तो उठून बसला. "डॉक्टर, माझी बायको आहे त्या विमानात."

आहे म्हणाला. माझ्या हातातला आरसा मी ट्रेमध्ये ठेवला तर तो उगाचच वाजला.

ती बहिणीकडे निघाली होती. बहीण आजारी होती. याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती एकटीच गेली. हे सगळं त्याने थोडक्यात सांगितलं, जणू माझा वेळ जाईल याची त्याला काळजी होती. बाकीचे सगळे टीव्हीवर ती माणसं गेली असं धरूनच बोलतात, म्हणाला, तुम्ही एकटेच उतरलंय म्हणालात. मग त्याने विचारलं, तिथे थंडी असेल का? तिने शाल नेली नव्हती. ने म्हटलं तर म्हणाली, ओझं कशाला. आणि खिशातून त्याने औषधाच्या दुकानातली एक पिशवी काढली. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या. जाऊन येण्यापुरत्याच तिने नेल्या होत्या. या कोणाकडे दिल्या म्हणजे पोचतील, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मला माहीत नाही, असं म्हणायचं होतं. तीन शब्दांचं काम. ज्या माणसाने दीड मिनिटात आख्खं विमान उतरवलं होतं त्याला हे तीन शब्द जमले नाहीत. मी सळी उचलली, नकाशावर दूर एका कडेला एक ठिपका होता त्यावर रोखली आणि म्हणालो की माझ्या अंदाजाने या भागात, आणि इथे थंडी नसते.

तो ठिपका बेट होता की छापखान्यातली शाई, ते मला आजही सांगता येणार नाही. ड्रायव्हर खुर्चीवर गुडघे टेकून उभा राहिला, मान वर करून त्याने ती जागा नीट पाहून घेतली, आडव्याउभ्या रेघांवरचे आकडे पुटपुटत पाठ केले. मग गोळ्यांची पिशवी पुन्हा खिशात ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं, आणि कबूल करतो, कौतुकाच्या अपेक्षेनेच सांगितलं. त्या माणसाचा चेहरा कसा उजळला, याचं वर्णन जरा जास्तच केलं. ती पेपर तपासत होती. तिने पेनचं टोपण लावलं.

"आणि तो तिथे जायला निघाला तर?"

मी म्हटलं, असं कोणी उठून निघत नाही. तिने टोपण काढून पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कालच्या ड्रायव्हरचा फोन होता. विमान कंपनीने नातेवाइकांसाठी एका हॉटेलात हॉल घेतला होता. त्याने तिथे सगळ्यांना सांगितलं होतं. काहींना पटलं होतं, काहींना नव्हतं, पण पटलेल्यांनी ठरवलं होतं की शोध घेणारं जहाज त्या ठिपक्याकडे वळवा अशी मागणी करायची. डॉक्टरांनी एकदा येऊन अधिकाऱ्यांना समजावून सांगावं, असा निरोप होता.

मी खुर्चीत बसलो. पेशंटच्या खुर्चीत, कारण तीच जवळ होती. आडवा झाल्यावर वर तो ठिपका दिसत होता. एक आख्खं जहाज, त्यावरची माणसं, त्यांची यंत्रं, हे सगळं तिकडे वळणार होतं, आणि खरंच जिथे बघायला हवं तिथे तेवढा वेळ कोणी नसणार होतं. का, तर स्टुडिओत माझी पाळी शेवटची आली म्हणून.

बायकोला शाळेत फोन केला. ती म्हणाली, अर्ध्या दिवसाची रजा टाकते, तुमच्याबरोबर येते. हॉटेलच्या दारात मात्र ती थांबली. आत तुम्ही एकट्याने जा, म्हणाली, मी इथेच बसते.

हॉल मोठा होता. लांब टेबलं, चहाचे थर्मास, बिस्किटांच्या बशा, भिंतीवर टीव्ही. टीव्हीचा आवाज कोणीतरी बंद केला होता, त्यामुळे पडद्यावरची तज्ज्ञ मंडळी नुसतीच तोंडं हलवत होती. टीव्हीवर मी कसा दिसत असेन ते मला पहिल्यांदाच दिसलं. ड्रायव्हर लगबगीने पुढे आला, सगळ्यांना म्हणाला, हेच ते डॉक्टर. लोक खुर्च्या सरकवून वळले.

पळायचं झालं तर कुठून, हे बघताना मला कोपऱ्यातली बाई दिसली. साठीच्या आसपासची, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. बाकी हॉलमध्ये लोकांना खुर्च्या पुरत नव्हत्या आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या होत्या. त्या कोण, असं मी हळूच विचारलं. ड्रायव्हरही हळूच म्हणाला, "कोपायलटची आई. तिच्याशी कोणी बोलत नाही. तुमच्या कार्यक्रमात सांगितलं ना, त्याच्या मनात काहीतरी होतं म्हणून."

तुमच्या कार्यक्रमात. मी तिथे वैमानिकाच्या शेजारी बसून मान डोलावली होती. ते पटलं म्हणून नव्हे, कॅमेरा माझ्याकडे होता म्हणून.

मग मी बोललो. ते बोलणं काही चांगलं झालं नाही. मला एरवी समोर उघडी तोंडं असायची सवय. इथे सगळ्यांची मिटलेली होती. मी म्हणालो की मी दातांचा डॉक्टर आहे, विमानातलं मला काही कळत नाही, ठिपका मी असाच दाखवला, जहाज तिकडे पाठवू नका. कोणीतरी म्हणालं, मोठ्याने बोला. म्हणून ते सगळं मला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. खरं सांगायचं तर तशी थोडी इच्छाही होती. मार खाल्ला की माणूस सुटतो. पण कोणी उठलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांची मुलगी आणि जावई दोघं त्या विमानात होते, ते म्हणाले की याआधी एक भविष्य सांगणारा येऊन गेला, मग जिला स्वप्नात विमान दिसलं होतं अशी एक बाई आली, मग दोऱ्याला अंगठी बांधून नकाशावर फिरवणारा एक जण. "माहीत नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या."

इतकं थंड स्वागत, आणि तेही इतक्या मायेने, माझं कधी झालं नव्हतं. आपण या लोकांचं वाटोळं केलं अशा थाटात मी आलो होतो, आणि त्यांच्या हिशेबी मी अंगठीवाल्यानंतरचा नंबर होतो.

ड्रायव्हर मात्र उभाच होता. त्याने मनापासून विश्वास ठेवला होता. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग बोललात कशाला तसं?"

"बाकीचं सगळं दुसऱ्यांनी बोलून झालं होतं," मी म्हणालो. "तेवढंच उरलं होतं."

त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खाली बघितलं नाही, एवढंच त्या दिवशीचं माझं शौर्य.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही? त्या बाकीच्यांना?"

"नाही."

"ते कोपायलटचं म्हणतात, तेही?"

"तेही नाही. कोणालाच काही माहीत नाही."

त्याने मान हलवली. खिशावरून, जिथे गोळ्या होत्या तिथून, एकदा हात फिरवला. मग तो टेबलाकडे गेला, थर्मासमधून दोन कप चहा ओतला आणि हॉल ओलांडून कोपऱ्यात गेला. सगळे बघत होते. त्या बाईसमोर उभं राहून त्याने एक कप पुढे केला. तिने वर न बघताच विचारलं, साखर आहे का, मला चालत नाही. तो परत आला, बिनसाखरेचा दुसरा कप शोधला, तो घेऊन गेला आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पुढच्या रांगेतले ते गृहस्थ उठले आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले.

मी भिंतीशी उभा राहून बिस्किट खात होतो, कारण हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. एक म्हातारी जवळ आली. डॉक्टर दातांचे ना, म्हणाली, माझी कवळी रडून रडून सैल झालीय, खाताना निसटते. मी खिडकीपाशी उजेडात तिची कवळी पाहिली. रडून कवळी सैल होत नाही. माणूस जेवत नाही, वजन उतरतं, हिरडी बसते, म्हणून होते. पण हे मी बोललो नाही. न बोलल्याचा माझ्या आयुष्यातला बहुधा पहिलाच प्रसंग. उद्या दुरुस्तीचं सामान घेऊन येतो म्हणालो आणि गेलोही.

टीव्हीवर जाऊन हेच सांगायचं, असं मी ठरवलं. मेहुणा कळवळून म्हणाला, भावोजी, माहीत नाही म्हणायला पाच सेकंद लागतात, बाकीच्या वेळाचं मी काय करू? पण बहिणीने त्याला दम दिला आणि मला खुर्ची मिळाली. मी म्हणालो की मला काही माहीत नाही, आणि या टेबलाभोवती बसलेल्या कोणालाच नाही. सूत्रसंचालिका पुढे झुकली. म्हणजे काही गोष्टी तुम्हाला उघड करता येत नाहीयेत? मी म्हटलं, उघड करण्यासारखं काही नाहीच. म्हणजे तुमच्यावर दबाव आहे? मी म्हटलं, बायकोचा सोडून कोणाचाही नाही. जाहिराती लागल्या. कार्यक्रम परत सुरू झाला तेव्हा माझ्या खुर्चीवर एक पाणबुडीवाले बसले होते.

विमान अजून सापडलेलं नाही. तुकडा मिळाला अशी बातमी मधूनमधून येते आणि तो दुसऱ्याच कशाचा तरी निघतो. हॉटेलातला हॉल कंपनीने काढून घेतला, तेव्हापासून ती माणसं रविवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात. कोपायलटची आई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडते. माझंही जाणं असतं. कवळ्या, ठणकणाऱ्या दाढा, एवढंच माझं तिथलं काम, आणि तेवढं मला येतं.

परवा मी ड्रायव्हरच्याच बसमध्ये चढलो आणि पुढच्या सीटवर बसलो. मागे दोन माणसांचं विमानावरून चाललं होतं. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता की एका दातांच्या डॉक्टरला खरी जागा कळली होती, त्याने टीव्हीवर सांगितलीही, मग त्याला गप्प बसवलं. आता परदेशात ठेवलंय म्हणे, दवाखान्याला कुलूप आहे. मला राहवलं नाही. मी वळून म्हटलं की दवाखाना उघडा आहे, पोस्टाच्या मागच्या गल्लीत, रोज. त्या माणसाने माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत," तो म्हणाला.

मला काही माहीत नाही, हे तर मी स्वतःच जाहीर करून बसलो होतो. मी पुढे वाकून ड्रायव्हरची माफी मागितली, म्हटलं, त्यांना गप्प बसायला सांगू का?

"बोलू द्या, डॉक्टर," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "लोक बोलतायत तोवर शोधणाऱ्यांना घरी जाता येत नाही."

मग म्हणाला, रविवारी लवकर या, कोपायलटच्या आईचा खालचा दात हलतोय आणि ती कोणाला सांगत नाही. मी येतो म्हणालो. मागचा माणूस तोवर पाणबुडीपर्यंत पोचला होता. ड्रायव्हरने आरशात एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सिग्नलला गाडी थांबवली.